ढाल आपली, घाव कोणाला?

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत ‘कामाचे ठिकाण आणि मनाच्या संरक्षण यंत्रणा’ या विषयावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. मी मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही. कला शाखेची पदवी घेताना तो माझा एक विषय होता, एवढीच माझी पुंजी. बाकीचे शिक्षण बँकेच्या काउंटरवर झाले. पण नंतर वाटले की हा विषय पुस्तकात जेवढा आहे त्याहून अधिक कचेरीत आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातील कोणी ना कोणी नोकरीत आहे; कोणी रेल्वेत, कोणी महापालिकेत, कोणी शाळेत, कोणी कारखान्यात. समोर बसलेले विद्यार्थीही उद्या तिथेच जाणार आहेत. म्हणून हे चार शब्द.

एक जुनी चूक

सुरुवात माझ्यापासूनच करतो. नोकरीला सात-आठ वर्षे झाली होती आणि मी एका ग्रामीण शाखेत होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता, रांग दारापर्यंत गेली होती. एका बाईंनी बचत गटाच्या कर्जाचा हप्ता म्हणून चार हजार दोनशे रुपये भरले. आठवड्याभराने त्या परत आल्या. पैसे गटाच्या खात्यात जमाच झाले नव्हते आणि गटातल्या बायकांनी त्यांनाच बोल लावले होते. व्यवस्थापकांनी मला विचारले. मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, “स्लिपवर खाते क्रमांक चुकला असेल साहेब. तो बाहेरचा पोरगा स्लिपा भरून देतो, त्याचीच गफलत झाली असणार.”

तो पोरगा रोजंदारीवर होता. झाडलोट करायची, चहा आणायचा आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या स्लिपा भरून द्यायच्या, हे त्याचे काम. आपल्याच समाजातला. साहेबांनी त्याला भर शाखेत, गिऱ्हाइकांसमोर झापले. तो मान खाली घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी व्हाउचरचा गठ्ठा सोडला आणि ती स्लिप सापडली. खाते क्रमांक अगदी बरोबर होता, तोही स्वच्छ अक्षरात. चूक माझी होती. त्या भागात एकाच नावाचे दोन बचत गट होते. घाईत मी क्रमांक न टाकता नावावरून खाते शोधले आणि रक्कम दुसऱ्याच गटाच्या खात्यात जमा केली.

आता यातली मुख्य गोष्ट सांगतो. साहेबांना उत्तर देताना मी जाणूनबुजून खोटे बोललो नव्हतो. मला मनापासून तसेच वाटले होते. पंचशीलातील चौथे शील तू मोडलेस, असे कोणी म्हटले असते तर मी त्याच्याशी भांडलो असतो. स्लिप सापडल्यावरही मन थांबले नाही. ‘बाजाराचा दिवस, एवढी गर्दी, दोनच काउंटर, कोणाच्याही हातून झाले असते,’ असे ते सांगू लागले. त्या संध्याकाळी घरी पाढे म्हणताना मुलगी अडखळली आणि मी तिच्यावर हात उगारला. एका चुकीपायी मी तीन ढाली वापरल्या होत्या. आधी दोष पोरावर टाकला, मग गर्दीवर टाकला आणि शेवटी राग लेकीवर काढला.

म्हणींना आधीच ठाऊक होते

या ढालींना मानसशास्त्रात ‘संरक्षण यंत्रणा’ म्हणतात. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ सालच्या एका निबंधात ही कल्पना मांडली. जो विचार सहन होत नाही त्यापासून मन आपला बचाव करते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांच्या कन्या ॲना फ्रॉइड यांनी १९३६ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याची नीट मांडणी केली. या यंत्रणांचे प्रमुख लक्षण म्हणजे त्या नकळत चालतात. जाणूनबुजून सांगितलेली सबब ही लबाडी होय. संरक्षण यंत्रणेत मात्र माणूस इतरांच्या आधी स्वतःच फसतो.

नावे अवघड वाटतील, पण आपल्या आजी-पणजींना हे सारे ठाऊक होते. ‘चोराच्या मनात चांदणे’ असे त्या म्हणत. आपल्या मनातले समोरच्याच्या माथी मारणे याला मानसशास्त्र ‘प्रक्षेपण’ म्हणते. ज्याचे स्वतःचे लक्ष दुसऱ्याच्या खुर्चीवर असते, त्याला सगळी कचेरी आपल्या खुर्चीवर टपलेली दिसते. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ हे ‘समर्थन’. अर्नेस्ट जोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९०८ साली त्यासाठी इंग्रजी शब्द रूढ केला. खाते जुळले नाही की संगणक मंद असतो, बढतीच्या परीक्षेत नापास झालो की पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा असतो. आणि पुन्हा परीक्षेला बसायचे धैर्य नसले की ‘अधिकारी होऊन काय मिळते, नुसता ताप,’ असे आपण म्हणतो. कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागतात ती अशी.

‘वड्याचे तेल वांग्यावर’ काढणे म्हणजे ‘विस्थापन’. विभागीय कार्यालयाने व्यवस्थापकाला फोनवर सुनावले, व्यवस्थापकाने कारकुनाला, कारकुनाने शिपायाला आणि शिपायाने दारातल्या म्हाताऱ्या पेन्शनरला. तो म्हातारा घरी जाऊन कोणाला बोलत असेल, याचा विचार आपण करीत नाही. याखेरीज ‘नकार’ आहे. समोरची वस्तू दिसत असून ती नाहीच असे मानणे. घोट्याला सूज आलेला, साखर वाढलेला सहकारी दहा दहा तास खुर्चीत बसून ‘मला काही होत नाही’ म्हणतो, तेव्हा ते शौर्य नसते.

संस्थाही ढाल धरते

ही सवय एकट्या माणसाचीच असते असे नाही. इझाबेल मेंझीज यांनी लंडनमधील एका शिक्षण-रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास १९६० साली प्रसिद्ध केला. रोज वेदना आणि मृत्यू पाहणे सोपे नसते. म्हणून तेथील कामाची रचनाच अशी झाली होती की परिचारिकेचा एखाद्या रोग्याशी फार संबंध येऊ नये. कामाचे लहान लहान तुकडे पाडलेले, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात सतत बदल्या, प्रत्येक निर्णयाची वारंवार तपासणी. रोग्याचा उल्लेखही नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने किंवा आजारी अवयवाने होई. हे सर्व परिचारिकांना यातनांपासून वाचवण्यासाठी होते. प्रत्यक्षात त्यातून कामाचे समाधानच हरवले आणि शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणी शिक्षण अर्धवट सोडून जात.

हे वाचताना मला आपल्याकडच्या कचेऱ्या आठवल्या. ‘तुमचा अर्ज पुढच्या टेबलाकडे गेला आहे,’ ‘सिस्टीम घेत नाही,’ ‘वरून आदेश नाही.’ या वाक्यांत बोलणारा माणूस कुठेच नसतो. समोर उभा असलेला गरजूही कोणाला दिसत नाही.

आपल्या वाट्याची अडचण

इथपर्यंतचे सर्वांना सारखेच लागू आहे. पण आपल्या समाजातून नोकरीत आलेल्या माणसाच्या बाबतीत एक गाठ अधिक आहे आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसलो तर माझे भाषण ही देखील एक ढालच ठरेल.

समजा, एक सहकारी म्हणतो, “साहेब माझा अहवाल मुद्दाम बिघडवतात, कारण मी या समाजाचा.” हे प्रक्षेपण आहे की सत्य? चार पुस्तके वाचून कोणी त्याला ‘हे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगू लागला तर तो त्याच्यावर दुसरा अन्याय होईल. जातीचा चटका हा मनाचा खेळ नाही. उलट ‘आमच्या कचेरीत जातबीत काही नाही’ असे जो ठासून सांगतो आणि डबा खाताना मात्र कोणाच्या टेबलावर बसायचे हे बरोबर ओळखतो, त्याच्या बोलण्यालाच मानसशास्त्रात ‘नकार’ म्हणतात. स्वतःची चूक झाली तर ती गडबड आणि आपल्या माणसाची चूक झाली तर तो ‘कोट्याचा’, असे मोजणारी दृष्टी हीसुद्धा एक संरक्षण यंत्रणाच आहे. आपण कोणाहून श्रेष्ठ नाही हे कबूल करणे तिला झेपत नाही.

पण मित्रहो, दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू या. महिन्यातून सहा दिवस उशिरा आल्याबद्दल मेमो मिळाला आणि ‘मी या समाजाचा म्हणून’ असे उत्तर तोंडात आले, असे मी पाहिले आहे. माझ्या स्वतःच्याही तोंडी आले आहे. मेमो योग्य असू शकतो आणि तो देताना वापरलेली भाषा अपमानाची असू शकते. दोन्ही एकाच दिवशी, एकाच कागदात घडू शकते. अशा वेळी उशिरा आल्याची कबुली आणि अपमानाची तक्रार या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. एकीच्या आड दुसरी लपवली की खरी तक्रारही कमकुवत होते.

दुसरा प्रकार म्हणजे ओळख लपवणे. नव्या शाखेत बदली झाली की आडनाव पुटपुटायचे, फोनवर ‘जयभीम’ म्हणताना आवाज खाली आणायचा, गावाचे नाव विचारले की तालुक्याचे सांगायचे. आपण अशा माणसाला हसतो. हसू नये. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नावाने नोंद करून राहावे लागले. अखेर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लहानशा आत्मकथनात स्वतः लिहून ठेवला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. ज्यांनी तशी वेळ आणली, दोष त्यांचा होता. पण खोट्या नावाने राहिल्याची गोष्ट बाबासाहेबांनी लपवली नाही, हे मला फार मोठे वाटते. मसूर स्टेशन, बडोदा, दौलताबाद अशी ठिकाणे सांगत त्यांनी काय घडले ते मांडले. त्या लेखनात आक्रस्ताळेपणा नाही आणि सारवासारवही नाही.

तिसरा प्रकार सर्वांत कडू आहे. ॲना फ्रॉइड यांनी एका लहान मुलीचे उदाहरण दिले आहे. अंधाऱ्या खोलीतून जाताना तिला भुताची भीती वाटे. म्हणून ती स्वतःच भुतासारखे हातवारे करीत जाई. आपणच भूत झालो की भूत भेटणार नाही! याला त्यांनी ‘आक्रमकाशी तादात्म्य’ म्हटले. आपला एखादा माणूस अधिकारी होतो आणि ज्या सुरात त्याचा अपमान झाला होता त्याच सुरात तो सफाई कामगाराशी बोलू लागतो. वस्तीतला कोणी कामाला आला तर ‘ओळख दाखवू नकोस’ म्हणतो. तो दुष्ट झालेला नसतो. अजून घाबरलेला असतो. पण त्याच्या भीतीचा चटका बसतो तो त्याच्याहून दुबळ्या माणसाला.

राहुलाचा आरसा

संरक्षण यंत्रणा वाईटच असतात असे मी म्हणत नाही. अपमानाच्या क्षणी मन बधिर झाले नाही तर माणूस उभाच राहू शकणार नाही. हार्वर्ड विद्यापीठातील २६८ विद्यार्थ्यांचा १९३८ पासून दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यावर जॉर्ज व्हेलंट यांनी १९७७ साली ग्रंथ लिहिला. बचाव कोणीच टाळू शकत नाही, पण काही बचाव कच्चे असतात आणि काही परिपक्व, असे त्यांनी दाखवले. दोष दुसऱ्यावर टाकणे हे कच्चेपण. विनोद, परोपकार, पुढचे ओळखून तयारी करणे, राग योग्य वेळेपर्यंत जाणीवपूर्वक आवरणे आणि त्याला चांगल्या कामाचे वळण देणे ही परिपक्वता. ते विद्यार्थी सुस्थितीतले गोरे तरुण होते हे आपण विसरू नये. तरी कच्च्यातून परिपक्वाकडे जाता येते, हे सर्वांच्या उपयोगाचे आहे.

तिकडे जायचे कसे, याचे उत्तर मला तथागतांनी राहुलाला केलेल्या उपदेशात सापडले. मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवान राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. तेव्हा ते सांगतात की काया, वाचा आणि मन यांचे प्रत्येक कर्म तसेच पाहून पाहून करावे. करण्यापूर्वी पाहावे, करताना पाहावे आणि केल्यावरही पाहावे. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते का, हा एकच प्रश्न. आणि काया-वाचेने चूक घडलीच तर ती शास्त्यांपुढे किंवा जाणत्या सोबत्यांपुढे उघड करावी, आणि पुढे संयम पाळावा. हा उपदेश असत्यभाषणाच्या संदर्भात सुरू होतो. सम्राट अशोकाने बैराट येथे सापडलेल्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे मोजके धम्मपाठ सांगितले, त्यांत असत्याविषयीच्या या राहुलोवादाचे नाव आहे. म्हणजे हा आरसा भिक्खूंइतकाच तुमच्या-माझ्यासारख्या संसारी माणसांसाठीही आहे.

फ्रॉइड विचारतात, मन स्वतःला कसे फसवते? तथागत त्यापुढचे विचारतात, त्याची पीडा कोणाला होते? माझ्या त्या चुकीत ढाल माझी होती, घाव त्या पोराने सोसला आणि थोडा माझ्या लेकीने. हा प्रश्न मी त्या दिवशी वेळेवर विचारला असता तर उत्तर देण्याआधी गठ्ठा सोडून स्लिप पाहिली असती.

करायचे काय?

बँकेत एक पद्धत आहे. नोंद एकाने करायची आणि ती दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. आम्ही त्याला मेकर-चेकर म्हणतो. नोंद करणारा चोर आहे असा त्याचा अर्थ नाही. ज्या डोळ्यांनी चूक केली त्या डोळ्यांना ती चूक सहसा दिसत नाही, एवढाच अर्थ. त्या दिवशी तपासणाऱ्याच्या नजरेतूनही माझी चूक सुटली, कारण घाई त्यालाही होती. तरी पद्धत योग्यच आहे. मनालाही असा एक तपासनीस हवा. धम्मात त्याला कल्याणमित्र म्हणतात. तोंडासमोर ‘तुझे चुकले’ म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येकाने जोडावा, आणि त्याने तसे म्हटले की त्याच्याशी बोलणे बंद करू नये.

दुसरे, एक वही ठेवावी. कचेरीत मन दुखावले तर त्या रात्री तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. काय घडले, मला काय वाटले आणि मी काय अर्थ काढला. तारीख, वेळ आणि उपस्थितांची नावे लिहावीत. आठवड्याने वाचल्यावर कधी दिसते की अर्थ चुकीचा होता. मग जाऊन माफी मागावी. कधी दिसते की अन्याय खराच आहे आणि वारंवार होतो आहे. तेव्हा तीच वही आपला पुरावा होते. सरकारी बँका आणि कार्यालयांत अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांसाठी संपर्क अधिकारी असतो, वर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आहे. तेथे जाताना आपला राग सोबत असावाच, पण हातात कागद असावा.

तिसरे, घराच्या उंबऱ्यावर थोडे थांबावे. आनापानाचा अभ्यास असेल तर दहा श्वास पाहावेत. नसेल तर चपला काढताना एवढेच स्वतःला विचारावे, की हा राग कोणाचा आहे आणि मी तो कोणाला द्यायला निघालो आहे?

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही अजून कचेरीत गेलेला नाही, पण ढाली तुमच्याही हाती आल्या आहेत. स्पर्धा परीक्षेत अपयश आले की कधी पेपर खरोखर फुटलेला असतो आणि कधी अभ्यास खरोखर कमी पडलेला असतो. दोन्ही शक्यता वहीत लिहायला शिका. पहिल्यासाठी लढा, दुसऱ्यासाठी बसा.

शेवटी त्या पोराचे सांगतो. तिसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांकडे जाऊन चूक माझी होती असे सांगितले. ते म्हणाले, “ठीक आहे, एन्ट्री दुरुस्त झाली ना?” त्यांच्यासाठी प्रकरण मिटले होते. मग मी काउंटरबाहेर आलो आणि रांगेतल्या माणसांसमोरच त्याला म्हणालो, “तुझी स्लिप बरोबर होती. चूक मी केली होती.” झापणी सर्वांसमोर झाली होती म्हणून कबुलीही सर्वांसमोर. तो नुसता “बरं” म्हणाला आणि केरसुणी घेऊन मागे गेला. त्यानंतर महिनाभर माझ्या टेबलावर त्याने चहा ठेवला, पण माझ्याकडे पाहिले नाही. एक दिवस स्लिपांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवत तो म्हणाला, “भाऊ, नंबर बघून टाका.”

आजही रक्कम जमा करताना मी क्रमांक दोनदा पाहतो. कोणाला उत्तर द्यायची वेळ आली की मला त्याचे ते वाक्य आठवते.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम.